महिना २७ क्विंटल

दुसऱ्याचा पगार विचारू नये, असा एक शहरी शिष्टाचार आहे. गावाकडे तो अजून पोहोचलेला नाही, हे एका परीने बरंच. कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीला आलेला शेतकरी आधी वाण बघतो, मग वाणाच्या पाटीशेजारी उभा असलेला शास्त्रज्ञ बघतो, आणि एकरी उतारा विचारून झाला की त्याच सुरात पुढचं विचारतो, "अन् साहेब, तुमचं कसं काय? महिन्याला किती पडतं?" शास्त्रज्ञ डोक्यावरची टोपी नीट करतो आणि म्हणतो, "बेसिक सांगू का हातात येणारं?" शेतकरी गोंधळतो. हातात न येणारा पैसा त्याच्याकडेही भरपूर असतो, पण त्याला तो उत्पन्न म्हणत नाही.

उत्तर मिळालं की बांधावर त्याचं रूपांतर सुरू होतं. केंद्राच्या कृषी संशोधन सेवेत नव्याने लागलेल्या शास्त्रज्ञाचा मूळ पगार ५७,७०० रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८. म्हणजे झाले जवळपास ११ क्विंटल. कोरडवाहूत एकरी पाच-सहा क्विंटल निघाले तर देव पावला म्हणायचं. तेव्हा हा कालचा चष्मेवाला पोरगा दर महिन्याला दोन एकर काढतो. आणि शिडीच्या टोकावरचे प्रधान शास्त्रज्ञ? त्यांची सुरुवातच १,४४,२०० ला. बरोबर २७ क्विंटल. वर ३४४ रुपये उरतात, ते हमालीला धरा. महिन्याला पाच एकर, वर्षाला साठ. पेरणी नाही, फवारणी नाही, ओलाव्याची कटती नाही, आणि बारदाना संपला म्हणून पगार कधी खरेदी केंद्रावरून परत आलेला नाही. शिवाय या पिकाला महागाई भत्त्याची मात्रा वर्षातून दोनदा मिळते, जानेवारीत आणि जुलैत. जुलैत पावसाने दडी मारली तरी मिळते.

माझे साडू अशा प्रधान शास्त्रज्ञांपैकी एक. फळपिकाचे. गेल्या वर्षी बासष्ट पूर्ण करून निवृत्त झाले. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण कुठल्याशा फरकाची थकबाकी अजून यायची आहे. हा क्विंटलचा हिशेब मी त्यांना ऐकवला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पद्धत चुकीची आहे. आमचं पीक बहुवार्षिक. लागवडीपासून पहिल्या बहारापर्यंतचा काळ धरायला हवा."

आणि तो काळ थोडाथोडका नव्हता. बी.एस्सी.ची चार वर्षं, एम.एस्सी.ची दोन, पीएच.डी.ची तीन सांगून पाच, मग दिल्लीच्या कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची परीक्षा, मुलाखत, आणि हैदराबादच्या अकादमीत प्रशिक्षण. त्या प्रशिक्षणात नव्या शास्त्रज्ञांना काही दिवस खेड्यात मुक्कामाला पाठवतात. साडू जन्मले खेड्यात, वाढले खेड्यात. सरकारने त्यांना खर्च करून पुन्हा खेडं दाखवलं. नोकरी लागली तेव्हा त्यांची सुरुवात २,२०० च्या श्रेणीत झाली. तोवर गावातल्या बारावी नापास मित्राचं कृषी सेवा केंद्र जोरात चालू लागलं होतं आणि दुकानावर दुसरा मजला चढला होता.

आता ही शिडी नेमकी कशी, ते सांगतो. सासुरवाडीत जेवणानंतर मी ती इतक्यांदा ऐकली आहे की निवड मंडळाने मला बसवलं तरी चालेल. सर्वात खाली लेव्हल १०, शास्त्रज्ञ, ५७,७००. मग लेव्हल ११, तेही शास्त्रज्ञच, ६८,९००. मग १२, वरिष्ठ शास्त्रज्ञ, ७९,८००. पुढे १३ नाही. १३-अ आहे, १,३१,४००. सगळी शिडी विज्ञाननिष्ठ माणसांची, तरी तेराचा आकडा कोरा ठेवून त्याला मागून अ जोडलेला, हे माझ्या बायकोला फार सूचक वाटतं. शेवटी १४, प्रधान शास्त्रज्ञ. बारा आणि तेरा-अ यांच्यामध्ये एकदम ५१,६०० रुपयांची दरी आहे. दरीच्या अलीकडचे शास्त्रज्ञ मूल्यांकनाचे गुण मोजतात, पलीकडचे रक्तातली साखर मोजतात.

डॉक्टरेट घेऊन आलेल्याला आजच्या नियमाने या चार उड्यांना चार, पाच, तीन आणि तीन वर्षं लागतात. एकूण पंधरा. कागदावर. प्रत्यक्षात मूल्यांकनाची मुलाखत व्हायची ती होते, निकाल लागायचा तो लागतो, आणि पद मात्र मागच्या तारखेपासून मिळतं. साडूंना एके दिवशी पत्र आलं की आपण तीन वर्षांपूर्वीपासून वरिष्ठ शास्त्रज्ञ आहात. म्हणजे तीन वर्षं हा माणूस वरिष्ठ असून कनिष्ठासारखा वागत होता, कनिष्ठांबरोबर डबा खात होता. मेहुणीने त्या वर्षांतल्या हळदीकुंकवाच्या रांगा आठवून आठवून हळहळ व्यक्त केली.

पदांची ही हौस जुनी आहे. हेन्री फिप्स नावाच्या एका अमेरिकन धनिकाच्या देणगीतून १९०५ साली बिहारात पुसा इथे कृषी संशोधन संस्था निघाली. तिथे आलेल्या आल्बर्ट हॉवर्ड यांच्या पदाचं नाव होतं 'इम्पिरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट'. असं पदनाम लग्नपत्रिकेत छापायचं तर पत्रिका आडवी करावी लागेल. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल स्वतः उत्तम वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाचे वाण काढले, म्हणून बाईंनाही पुढे पद मिळालं: 'सेकंड इम्पिरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट'. घरात कोण कितवं, हे सरकारने इतक्या स्पष्ट शब्दांत क्वचितच लिहून दिलं असेल. १९३४ च्या भूकंपात पुसाची इमारत पडली, संस्था १९३६ साली दिल्लीला गेली, आणि जाताना नाव बरोबर घेऊन गेली. दिल्लीत आज जिला पुसा म्हणतात तिथे पुसा नावाचं गाव नाही.

या शिडीच्या बांधकामात एक गंभीर प्रकरण आहे; तिथे विनोद बाजूला ठेवावा लागतो. मे १९७२ मध्ये दिल्लीच्या त्या संस्थेतल्या एका कृषिशास्त्रज्ञाने आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात अन्यायाची तक्रार होती आणि वरिष्ठांना रुचेल अशी अशास्त्रीय आकडेवारी वर पाठवली जाते, अशीही. संसदेपर्यंत प्रकरण गेलं आणि चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष होते माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर, आपल्या साताऱ्याचे. त्या आधी केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याच्या आयोगाचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं होतं, म्हणजे सरकारी नोकराचं दुखणं पोटापासून डोक्यापर्यंत त्यांनी तपासलं होतं असं म्हणायला हरकत नाही. या सगळ्यानंतर १९७३ साली कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळ आलं आणि १९७५ साली कृषी संशोधन सेवा. त्यामागचा विचार खरोखर चांगला होता: वरची खुर्ची रिकामी होण्याची वाट माणसाने बघू नये, काम बघून त्याला जागच्या जागी वर चढवावं. वरिष्ठाच्या निवृत्तीची तारीख पाठ असण्याचं कारण उरू नये.

तेव्हाच्या पायऱ्यांची नावं होती एस, एस-१, एस-२ आणि एस-३. आरक्षण कुठल्या डब्यात मिळालं, असं कुणी कधी विचारलं नसेल तर नवल. १९८६ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेणी लागू झाल्या, शास्त्रज्ञ पगारापुरते प्राध्यापक झाले, आणि तेव्हापासून त्यांच्या नशिबी पंगतीतली शेवटची रांग आली. वेतन आयोग बसतो तेव्हा पहिलं वाढप केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना. सातव्या आयोगाचं त्यांना २०१६ मध्येच मिळालं. मग वाढपी महाविद्यालयांच्या रांगेत वळला, ते आदेश निघाले नोव्हेंबर २०१७ मध्ये. मग या शास्त्रज्ञांची कृषी संशोधन परिषद. आणि सगळ्यात शेवटी, भांड्याचा तळ वाजायला लागल्यावर, राज्यांची कृषी विद्यापीठं. जिलबी तीच, १ जानेवारी २०१६ ची. फक्त पानापर्यंत येईस्तोवर पाक सुकलेला. आता आठवा आयोग बसला आहे. त्याच्या अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना देसाई याही गजेंद्रगडकरांप्रमाणे मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या, त्यामुळे साडूंना आशा वाटते. पेन्शनही वाढते ना.

पण साडूंचं खरं दुखणं वेगळं आहे, आणि ते मला पटतं. शिडी एकच आणि पिकं शंभर.

मुगाचा विचार करा. साठ-पासष्ट दिवसांत पीक हातात. मुगाच्या शास्त्रज्ञाला चार वर्षांच्या एका पायरीत कितीतरी हंगाम मिळतात. एक प्रयोग फसला तर पुढच्या हंगामात दुसरा, तोही फसला तर 'प्रतिकूल हवामानाचा परिणाम' या विषयावर निबंध. आता आंब्याचा विचार करा. दोन जातींचा संकर केला, कोय लावली, रोप आलं. फळ बघायला सहा-आठ वर्षं थांबा. फळ आलं म्हणजे चांगलं आलं असं नाही. मग पुढची काही वर्षं ते सातत्याने चांगलं येतं का ते बघा. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ चं. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तिथे रत्ना निघाला, तो प्रसारित झाला १९८१ साली. त्याच रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून पातळ कोयीचा सिंधू आला, तो १९९२ साली. या मधल्या काळात मुगवाला शास्त्रज्ञ कुठल्या कुठे गेला असेल. आंबेवाला झाडाखाली उभा. वार्षिक अहवालाच्या 'या वर्षातील ठळक निष्कर्ष' या रकान्यात त्याने काय लिहायचं? "झाड वाढत आहे." पुढच्या वर्षी? "झाड आणखी वाढले आहे."

यावर मार्ग काढला नाही तर तो शास्त्रज्ञ कसला. साडूंच्या झाडांना फळ लागेपर्यंत त्यांनी पानांवर लिहिलं, मुळांवर लिहिलं, रोपवाटिकेतल्या पिशवीच्या मापावर लिहिलं. एक निबंध पिशवीतल्या मातीवर आणि दुसरा त्याच पिशवीतल्या पाण्यावर. निबंध म्हटला की गुण आले, आणि गुण म्हटले की नियतकालिकाची पत आली. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी दर नियतकालिकाला एक आकडा देते. हा आकडा शास्त्रज्ञाच्या तोंडी जितका असतो तितका साखरसम्राटाच्या तोंडी रिकव्हरीचाही नसेल. सहाच्या वरचं नियतकालिक म्हणजे प्रतिष्ठा. सहाच्या खालचं म्हणजे 'झालं आपलं काहीतरी'. आणि मराठीत, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप त्या शेतकऱ्याला कळेल असा लेख लिहिला, तर त्याला 'लोकप्रिय लेख' म्हणतात. गुणपत्रिकेत लोकप्रियतेला फार किंमत नाही.

मी एकदा विचारलं, "पण शेतकऱ्याने पिकवलं तर त्याचे गुण?" साडू म्हणाले, "त्याला रकाना नाही."

मोहोळची मालदांडी ज्वारी घ्या. एम ३५-१. १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडलेला वाण. नव्वदएक वर्षं झाली, पंचवार्षिक योजना आल्या आणि संपल्या, योजना आयोगही संपला, आणि रब्बीत हा वाण अजून उभा आहे. पुण्या-मुंबईच्या भाकरीवाल्या हॉटेलांत त्याच्या नावाने जास्त पैसे घेतात. ज्यांनी ती कणसं निवडली त्यांना आज मुलाखतीला बसवलं तर मंडळातला एखादा सदस्य फाइल चाळून विचारेल, "बरं, या पाच वर्षांत सहाच्या वरचे किती?" को ८६०३२ हा ऊसही तसाच. त्यातला ८६ हा १९८६ सालचा. कोइमतूरला निवडला गेला, पाडेगावला तपासला गेला, आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला 'लाव' म्हणून सांगेपर्यंत दहाएक वर्षं गेली. उसाच्या वाणाला कुणी घाई करत नाही, पण शास्त्रज्ञाला मात्र तिसऱ्या वर्षी अर्ज भरावा लागतो.

घरभाड्याचा मामला आणखी मजेदार. मूळ पगाराच्या ३० टक्के एक्स वर्गातल्या शहरात, म्हणजे मुंबई-पुण्यात. २० टक्के वाय वर्गात, म्हणजे नागपूर, नाशिक, सोलापूर वगैरे. आणि १० टक्के उरलेल्या ठिकाणी. उरलेल्या ठिकाणी शेती असते. नवा शास्त्रज्ञ पुण्यात बसला तर १७,३१० रुपये, बांधाच्या जवळ गेला तर ५,७७०. शेतापासून जितका लांब तितका भत्ता जास्त, असं कुणी मुद्दाम ठरवलं नसेल, पण पिकांना हे कळलं तर वाईट वाटेल. अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था बारामतीजवळ माळेगावात आहे. दुष्काळ, उष्णता, खारवट जमीन असले ताण पीक कसं सोसतं त्यावर तिथे काम चालतं. नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव वाय वर्गात, बारामतीचं माळेगाव उरलेल्यांत. हा ताण बहुधा जैविक धरतात.

ही सेवा अखिल भारतीय, त्यामुळे लातूरचा माणूस मेघालयात बटाट्यावर आणि मदुराईचा राजगुरुनगरला कांद्यावर, हे नेहमीचं. मदुराईकर पहिल्या वर्षी शेतकऱ्याशी हिंदीत बोलतो, तिसऱ्या वर्षी मराठीत, आणि पाचव्या वर्षी खेड-मंचरच्या मराठीत बाजारभावाला शिव्या देतो. भाषा शिकवण्याचं काम कांद्याइतकं कुठल्या संस्थेने केलं असेल असं वाटत नाही.

राज्याच्या चार कृषी विद्यापीठांत, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीत, गंमत निराळी. तिथे शिडी आहे, पायऱ्या आहेत, पण पायऱ्यांवर माणसं कमी. रिकाम्या जागा हे तिथलं बारमाही पीक. यावर सरकारने शोधलेला वाण म्हणजे अतिरिक्त कार्यभार. एकच माणूस सकाळी कापूस पैदासकार, दुपारी विभागप्रमुख आणि संध्याकाळी वसतिगृहाचा रेक्टर. तिन्ही दारांवर पाट्या, पाट्यांवर 'प्रभारी', आणि पगार एका दाराचा. असे एक गृहस्थ मला माहीत आहेत. त्यांनी एका खुर्चीवरून स्वतःलाच दुसऱ्या खुर्चीवर पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही म्हणून स्मरणपत्र पाठवलं, आणि शेवटी स्वतःकडून खुलासा मागवला. खुलासा असमाधानकारक होता.

कृषी विज्ञान केंद्रांतल्या लोकांचा विषय मी साडूंसमोर काढत नाही. तिथला विषय विशेषज्ञ रोज गाडी मारत शेतकऱ्याच्या बांधावर जातो, पिवळं पान हातात घेऊन बघतो, शिव्याही तोच खातो. पण नियमाप्रमाणे तो शास्त्रज्ञ नव्हे, तांत्रिक कर्मचारी. त्याचीही लेव्हल १०, पण सुरुवात ५६,१०० ला. दोघांमध्ये १,६०० रुपयांचं विज्ञान. त्यातून केंद्र एखाद्या संस्थेने चालवलेलं असलं की भत्ते नि पेन्शनचे वाद वेगळे. शेतकरी बिचारा दोघांनाही डॉक्टरसाहेब म्हणतो आणि दोघांनाही गाय दाखवतो.

मागण्या मान्य करायला पैसे नसले की सरकार पदनाम बदलतं, हा आपला आणखी एक जुना उपाय. कृषी सहायकांनी २०२५ साली संप केला, ते सहायक कृषी अधिकारी झाले. तलाठी त्याआधीच ग्राम महसूल अधिकारी झाले. उद्या पावसाने संप केला तर त्याला उपजलसंपदा अधिकारी करतील.

लग्नाच्या बाजारातही या पदाची चढउतार बघण्यासारखी असते. स्थळ सांगताना "मुलगा शास्त्रज्ञ" म्हटलं की मुलीकडचे सरसावून बसतात. "कृषी" म्हटलं की मागे टेकतात. "केंद्र सरकार" म्हटलं की पुन्हा पुढे येतात. शेती असावी पण मुलगा शेतात नसावा, या अटीत अचूक बसणारा हा महाराष्ट्रातला बहुधा एकमेव प्राणी. आमच्या सासूबाईंच्या लेखी तर शास्त्रज्ञ एकाच प्रकारचे असतात. चंद्रयान-३ उतरलं त्या संध्याकाळी त्यांनी थोरल्या जावयांना फोन करून अभिनंदन केलं. साडूंनी ते स्वीकारलं. "सगळ्यांचंच योगदान असतं," असं त्या वेळी ते म्हणाल्याचं मेहुणी सांगते. मी पतसंस्थेत व्यवस्थापक आहे; मला आजवर कशाबद्दलच कुणी फोन केलेला नाही.

तर साडू निवृत्त झाले. २००४ च्या आधी लागलेले, म्हणजे जुन्या पेन्शनचे, म्हणजे शास्त्रज्ञांतले वतनदार. निरोप समारंभात त्यांनी जाहीर केलं की उरलेलं आयुष्य काळ्या आईच्या सेवेत घालवणार. दोन एकर घ्यायची, डाळिंब आणि आंबा लावायचा, मुळांपासून पानांपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध. टाळ्या पडल्या. जमीनही मिळाली, गावापासून चार कोसांवर, विहिरीसकट.

खरेदीच्या कागदांसाठी ते तलाठ्याकडे गेले. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणायला हवं. तो तरुण होता, नम्र होता. म्हणाला, "साहेब, महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. आपण शेतकरी असल्याचा पुरावा लागेल."

साडूंनी पीएच.डी.चं प्रमाणपत्र काढलं. निवृत्तीचा आदेश काढला. प्रधान शास्त्रज्ञ, लेव्हल १४, असं लिहिलेलं ओळखपत्र काढलं. त्याने सगळं आदराने पाहिलं आणि परत केलं. "हे नोकरीचं झालं. आपल्या नावावर कुठे सातबारा आहे का?"

सातबारा होता. पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी हातात पडली त्या वर्षी साडू गावी गेले होते, आणि भरल्या घरात धाकट्या भावाला म्हणाले होते, "मला पगार आहे, जमीन तुला." दुसऱ्याच दिवशी तालुक्याला जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली होती. घरातले सगळे रडले होते. भाऊ जरा कमी रडला होता, पण तो पेरणीचा दिवस होता.

तलाठ्याने सुचवलं की भावाकडून थोडी जमीन बक्षीसपत्राने होते का बघा, म्हणजे पुढचं सोपं जाईल. साडू मला घेऊन गावी गेले. भाऊ सोयाबीनमध्ये उभा होता. पीक निम्मं पिवळं पडलेलं. साडूंनी विषय काढला. भावाने ऐकून घेतलं, एक झाड उपटून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "दादा, जमिनीचं बघू. आधी हे सांग, हे कशानं झालं आणि काय मारू?"

साडूंनी झाड उलटंसुलटं करून पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"मी फळपिकाचा," ते म्हणाले. "सोयाबीन माझ्या विषयात येत नाही."

"असं होय," भाऊ म्हणाला. "मग बक्षीसपत्र पण माझ्या विषयात येत नाही."